प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायचंय? आधी एवढं करून बघा

काम करताना प्रोसेसर जी वीज खातो, ती फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे त्याच्या वेगाच्या, प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. फ्रिक्वेन्सी तीच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं, तर ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, जवळपास १९ टक्के बचत. आकडा मोह पाडतो. तरीही व्होल्टेजला हात सगळ्यात शेवटी लावावा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात फ्रिक्वेन्सीपासून करा. विंडोजमध्ये पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बऱ्याच संगणकांवर टर्बो, म्हणजे गरजेनुसार नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावण्याची सोय, बंद होतो. लिनक्सवर ‘पॉवरसेव्ह’ गव्हर्नर (वेग ठरवणारं धोरण) निवडता येतो. टर्बोच्या वेगाला सर्वांत जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे वेगाला लगाम घातला की व्होल्टेज आपोआप खाली येतं. तेही चिपला सुरक्षित म्हणून कारखान्यात ठरवून दिलेल्या पातळीवर. किती वेग हवा हे तुम्ही सांगा, त्यासाठी किती व्होल्ट लागतील हे चिपला ठरवू द्या.

मग वीज कोण खातंय ते शोधा. लिनक्सवर ‘पॉवरटॉप’, विंडोजवर टास्क मॅनेजर. रिकामा कोअर (प्रोसेसरमधला एक स्वतंत्र गणनविभाग) जवळजवळ पूर्ण बंद होऊन झोपतो. त्याला सतत उठवणारा एखादा ब्राउझर टॅब बंद केला, तर कुठलीही जोखीम न घेता बॅटरी वाचते.

एवढं करूनही पंखा घोंगावत असेल, तरच अंडरव्होल्टिंग, म्हणजे स्वतः व्होल्टेज उतरवणं. लॅपटॉपवर ते कुलूपबंद असू शकतं. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ हा हल्ला जाहीर झाला: सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज पाडून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येत होती. त्यानंतरच्या बायोस (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमध्ये अनेक ठिकाणी ही सोय बंद झाली. ती परत मिळवायला जुना बायोस टाकू नका.

सोय उघडी असेल तर आधी बॅकअप घ्या. ऑफसेट, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजमधली वजावट, १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरवा आणि सेटिंग संगणक सुरू होताना आपोआप लागणार नाही असं ठेवा. अडकलात तर रीस्टार्ट पुरतो. प्रत्येक पायरीला ‘प्राइम९५’सारखी चाचणी तासभर चालवा. पण तेवढ्यावर विसंबू नका. पूर्ण भाराखाली टिकलेला प्रोसेसर हलक्या कामात, एकच कोअर टर्बोला झेपावताना, कोसळू शकतो. म्हणून दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा, संगणक झोपवून उठवून पाहा आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया’ (WHEA), म्हणजे हार्डवेअरच्या, चुका आल्यात का तपासा. एक जरी दिसली, तरी २० मिलिव्होल्ट मागे या.

कमी व्होल्टेजने चिप जळत नाही. भीती वेगळी आहे: संगणक बंद न पडता गुपचूप चुकीचं उत्तर देतो आणि ते फायलीत जतन होतं. हिशेब, संशोधन किंवा दुसऱ्या कुणाचा डेटा ज्या यंत्रावर आहे, तिथे व्होल्टेज होतं तसंच राहू द्या.