एएफएममध्ये सगळीकडे जोड्या दिसल्या, तर आधी टिपवर संशय घ्या

एएफएम म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप: टिप नावाची अतिसूक्ष्म सुई नमुन्यावरून रेघेरेघेने फिरवून तो उंचसखलपणाचं चित्र काढतो. त्याने जैवरेणू बघायला येणारी बरीच मुलं तोशिओ आंदो यांच्या गटाची ती फिल्म पाहून आलेली असतात. मायोसिन-५ हे पेशीतलं 'चालणारं' प्रोटीन ॲक्टिन या दुसऱ्या प्रोटीनच्या तंतूवरून ३६ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत जातं, आणि आपण बघतच राहतो. मीही तीच पाहून या विषयात आले. ती फिल्म २०१० ची. कानाझावा विद्यापीठातल्या याच गटाचा वेगवान एएफएमवरचा पेपर २००१ चा. मधली वर्षं पडद्यावर दिसत नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने तुमच्या हाती नुसते मिठाचे स्फटिक आणि आडव्या रेघा लागल्या, तर खचू नका. बहुतेकांचं तसंच होतं.

नमुना बसवण्याची कृती तुम्हाला कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये मिळेल. नमुना ज्यावर बसवायचा तो अभ्रक चिकटपट्टीने सोलायचा. डीएनए आणि अभ्रक दोन्ही ऋणभारित, म्हणून मध्ये मॅग्नेशियम किंवा निकेलचे आयन. धुण्यात मात्र घाई करू नका. आणि मुंबईत काम करत असाल, तर पावसाळ्यात हवेतलं स्कॅनिंग टाळा. दमट हवेत अभ्रकावर पाण्याचा पातळ थर धरतो, टिप त्याला चिकटते आणि दिवस वाया जातो. बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या द्रावणात, स्कॅन करायला लवकर शिका.

आता ज्यात मी अडकले ते. माझं प्रोटीन एकेकटं राहतं की जोडीने, हाच माझा प्रश्न होता, आणि चित्रात जिकडेतिकडे सुंदर जोड्या दिसत होत्या. एक मोठा ठिपका, शेजारी एक लहान. खात्री करायची तर 'स्कॅन अँगल ९० अंशांनी फिरवून बघ' असं प्रत्येक जण सांगतो. मी फिरवला. चित्राबरोबर जोड्याही फिरल्या. म्हणजे त्या खऱ्या, असं मी धरून चालले.

ही चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. स्कॅन अँगल बदलला की फक्त रेघा ओढायची दिशा बदलते. टिप होती तशीच असते, अभ्रकही होता तसाच असतो. दोघांची एकमेकांच्या संदर्भातली दिशा तीच राहते. म्हणून खरा रेणू आणि टिपमुळे उमटलेला आकार, दोन्ही चित्रात सारखेच फिरतात. फीडबॅक (टिपची उंची सावरणारी यंत्रणा) मागे पडतोय का, हे या युक्तीने कळतं. टिपला दोन टोकं आहेत का, हे कळत नाही. फाटलेल्या निबेने लिहिलं की प्रत्येक रेघ दुहेरी उमटते, तसंच इथे होतं.

खरी चाचणी अशी: टिप वर घ्या, अभ्रकाची चकती हाताने फिरवा, टिप पुन्हा उतरवा, स्कॅन अँगल पहिलाच ठेवा. नमुन्यातच काही असेल तर ते चकतीबरोबर फिरेल. जोड्यांची दिशा तसूभरही हलली नाही, तर त्या टिपच्या आहेत. खरं तर पहिली खूण याच्याही आधी दिसते. अभ्रकावर विखुरलेले खरे डायमर, म्हणजे दोन रेणूंच्या खऱ्या जोड्या, वाटेल त्या दिशेला तोंड करून पडतात. सगळे एकाच दिशेला आणि लहान-मोठ्याचं प्रमाणही सगळीकडे तेच असेल, तर तिथेच थांबा आणि टिप बदला.

टिप चांगली असली तरी रुंदीवर विसंबू नका. टिपची त्रिज्या १० नॅनोमीटर असेल, तर २ नॅनोमीटर जाडीचा डीएनए साधारण साडेबारा नॅनोमीटर रुंद दिसतो. उंची त्या मानाने बरी, पण हवेत तीही २ पेक्षा कमीच भरते. लांबीचा भरवसा जास्त: १००० बेसपेअरला सुमारे ३४० नॅनोमीटर. म्हणून मी रोज आधी माहीत असलेल्या लांबीचा डीएनए बघते. एकाच दिशेने जाणारे तुकडे एकेरी आणि त्यांना आडवे जाणारे दुहेरी दिसले, तर ती टिप प्रोटीनला लावायचीच नाही.

'टिपा महाग आहेत, जपून वापरा' असं प्रत्येक लॅबमध्ये ऐकायला मिळतं. माझं मत स्पष्ट आहे: टिपमध्ये वाचवलेले पैसे पीएचडीच्या वर्षांतून वसूल होतात. चित्राची पार्श्वभूमी आपोआप सपाट करणाऱ्या ऑटो-फ्लॅटनच्या बटणाबद्दलही तेच. रेणू मास्क न करता (म्हणजे हिशेबातून न वगळता) ते दाबलं, तर रेणूंच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे पडतात आणि मोजलेली उंची बिघडते. गाईड निवडताना पेपर मोजत बसू नका. लॅबमध्ये अजूनही स्वतः मशीनवर बसणारं कोणी आहे का, ते विचारा. तो सिनियर असेल, पोस्टडॉक असेल, नाहीतर मशीन सांभाळणारे ऑपरेटर काका असतील. कच्चं चित्र बघताक्षणी 'टिप गेली' म्हणणारा माणूस जवळ असला, की निम्मी भीती जाते.

जोड्यांची ती सगळी चित्रं मला बाजूला ठेवावी लागली. तरी काम बुडालं नाही; नव्या टिपने तोच नमुना पुन्हा बघितला आणि प्रश्नाचं उत्तर मिळालं. तेव्हापासून टिपचा बॉक्स आणि बॉक्समधली जागा मी फाईलच्या नावातच लिहिते, म्हणजे एखादी टिप वाईट निघाली तर तिची कुठली चित्रं काढून टाकायची ते शोधत बसावं लागत नाही.