टीव्हीच्या पाठीवर काय लिहिलंय?

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत कुणाकडे नवा टीव्ही आला की दोन दिवसांत माझ्या दाराची बेल वाजते. "काकू, चित्र झकास आहे, पण साउंडबारमधून आवाजच येत नाही." माझी सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, एमडीएफच्या, म्हणजे सगळ्या फोनच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या फ्रेमवर वायरी जोडण्यात गेली. त्यामुळे वायरीचं काही अडलं की काकूंना बोलवा, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. फोनची दोन तारांची जोडी आणि टीव्हीची चित्र-आवाज एकत्र नेणारी एचडीएमआय वायर यांचं तसं काही नातं नाही. पण तिथली एक सवय इथे उपयोगी पडते. वायरीला हात लावण्याआधी तिची दोन्ही टोकं कुठे जातात ते बघायचं.

लोक नेमकं उलटं करतात. आधी दुकानात जातात, "टीव्हीला जोडायची केबल द्या" म्हणतात आणि हाती येईल ती घेऊन परततात. दुकानदाराने तरी काय करावं, त्याने तुमच्या टीव्हीची पाठ थोडीच बघितलीये!

तेव्हा पहिलं काम फोटो काढायचं. टीव्हीच्या मागचा एक आणि जे यंत्र जोडायचंय त्याच्या मागचा एक. टीव्ही भिंतीला टांगलेला असेल तर मागे डोकं घालायची खटपट करू नका. मोबाइलचा टॉर्च लावा, व्हिडिओ चालू करा आणि हात मागून फिरवून आणा. मग सोफ्यावर बसून, चित्र मोठं करून भोकांच्या शेजारी काय छापलंय ते वाचा. 'इन' म्हणजे तिथून आत येतं, 'आउट' म्हणजे तिथून बाहेर जातं. वायर एकाच्या आउटमधून निघून दुसऱ्याच्या इनमध्ये जायला हवी. बाळबोध वाटेल, पण दोन्ही टोकं 'इन'मध्ये खुपसून तासभर रिमोट दाबत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. या नियमाला एक अपवाद आहे, तो साउंडबारपाशी येईल.

जुन्यापासून सुरुवात करते. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी कपाटात पडलेल्या असतातच. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. लग्नाची डीव्हीडी लावायची म्हणून कुणी ती बाहेर काढतं आणि नव्या टीव्हीला तीन भोकंच सापडत नाहीत. त्यांच्या जागी हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं, शेजारी 'एव्ही इन' लिहिलेलं. त्यासाठी टीव्हीच्या खोक्यात कधीकधी एक आखूड वायर येते. ती फेकू नका! दिसायला तशीच दुसरी वायर चालेलच असं नाही, कारण त्या पिनवरच्या चार पट्ट्यांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. परकी वायर लावून नुसतं गुरगुरणं ऐकू आलं, तर पिवळी पिन लालच्या जागी लावून बघा. कधीकधी चित्र उगवतं. नाही उगवलं तर वायरीतली अर्थिंगचीच पट्टी दुसरीकडे आहे, ती वायर तुमच्या कामाची नाही. आणि चित्र आलं तरी ते ५७६ ओळींचंच असणार. पंचावन्न इंची पडद्यावर नवरा-नवरी जरा धुरकट दिसली तर टीव्हीला दोष देऊ नका.

हिरवी, निळी, लाल असा दुसरा एक जुडगा असतो. त्या तिन्ही चित्राच्याच, आवाजाला लाल-पांढरी वेगळी लागते. म्हणजे लाल दोन झाल्या. आता याची गरज क्वचितच पडते, म्हणून एवढं पुरे.

आता एचडीएमआय. दुकानात "टू पॉइंट वन केबल आहे मॅडम" असं ऐकवतात. २.०, २.१ हे आकडे यंत्रांचे असतात, वायरीचे नाहीत. वायरीची प्रतवारी वेगळ्या नावांनी चालते. 'हाय स्पीड' वायर सेकंदाला १०.२ गिगाबिट नेते, 'प्रीमियम हाय स्पीड' १८ आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८. सेट टॉप बॉक्सला पहिली पुरते. फोर-के चित्र, एचडीआरसकट (उजेड-अंधार जास्त खुलवणारी सोय), सेकंदाला साठ फ्रेमने हवं असेल तर दुसरी घ्या. तिसरी लागते ती मुलांच्या गेमच्या खोक्याला, १२० फ्रेमसाठी. त्यांची भूक मोठी. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात तशी वायर येतेच, तरी लोक वेगळी विकत घेतात. प्रीमियम आणि अल्ट्राच्या पाकिटावर मोबाइलने स्कॅन करायचं लेबल असतं, ते स्कॅन करून बघा.

सोन्याच्या मुलाम्याचं आमच्याकडे फार कौतुक. मला एका दुकानात साध्या वायरीच्या पाचपट दाम सांगून "रंग खुलतात" असं पटवायला निघाले होते. एचडीएमआयमधून जातात ते आकडे. ते नीट पोचले तर चित्र पूर्ण, नाही पोचले तर पडद्यावर पांढऱ्या ठिणग्या, नाहीतर दोन सेकंद काळोख. वायर कमी प्रतीची म्हणून गुलाबी रंग फिका पडला, असं होत नाही. सोनं गंजत नाही एवढाच त्याचा गुण, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तो बिनकामाचा नाही. पण पातळसा मुलामा बऱ्याच साध्या वायरींनाही असतो. त्यासाठी पाचपट कशाला मोजायचे?

ठिणग्या येत असतील तर आधी दुसरी, आखूड वायर लावून बघा. वायर लांबली की सिग्नल थकतो. दीड-दोन मीटरला अडचण नसते, पण हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची तर तांब्याची साधी वायर दगा देते. तिथे आत काचतंतू असलेली एचडीएमआय लागते.

ती वायर मला चांगलीच शिकवून गेली. खारघरला भाच्याच्या नव्या घरात प्रोजेक्टरसाठी दहा मीटर वायर भिंतीतल्या पाइपमधून न्यायची होती. इलेक्ट्रिशियनने ओढली, मी बाजूला उभी राहून "हळू, वाकवू नकोस" म्हणत होते. प्लास्टर झालं, रंग झाला, प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर ढिम्म काही नाही. "मावशी, हे बंदच आहे गं." सगळं तपासून झाल्यावर मी टोकावरची बारीक अक्षरं वाचली. प्रोजेक्टरपाशी आलेल्या टोकावर लिहिलं होतं 'सोर्स'. काचतंतूची वायर एकाच दिशेने चालते. 'सोर्स' चित्र पाठवणाऱ्या खोक्याकडे, 'डिस्प्ले' ते दाखवणाऱ्या प्रोजेक्टर किंवा टीव्हीकडे. एवढी वर्षं दोन्ही टोकं बघा म्हणून सांगणारी मी, आणि माझ्याच डोळ्यांदेखत उलटी गेली. नशीब, पाइप २५ मिलिमीटरचा होता आणि वळणं सावकाश होती. वायरीच्या शेपटीला नायलॉनची दोरी बांधून ती बाहेर ओढली आणि त्याच दोरीने उलटी करून परत घातली. सबंध दुपार गेली. तेव्हापासून वायर आधी जमिनीवर पसरून, चित्र बघून, मगच भिंतीत. पाइपमध्ये एक दोरी कायमची ठेवून द्या, आणि त्या पाइपमधून लाइटची वायर नेऊ देऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही "चालतं हो" म्हणाला तरी.

आता तो साउंडबार, आणि मघाचा अपवाद. टीव्हीला एचडीएमआयची तीन-चार भोकं दिसायला जुळी असतात, पण त्यातल्या एकावरच 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. हे भोक 'इन' असूनही त्यातून टीव्हीचा आवाज उलटा बाहेर येतो. साउंडबारवरही ज्या भोकाशी 'एआरसी' लिहिलंय तेच वापरायचं, तिथे बहुधा 'एचडीएमआय आउट' असं छापलेलं असतं. वायर लावून काम संपत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करावं लागतं आणि प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगवर एनीनेट प्लस, सोनीवर ब्राव्हिया सिंक, एलजीवर सिम्पलिंक. मग ऑडिओ आउटपुटमध्ये टीव्हीचे स्पीकर काढून साउंडबार निवडा. पुढच्या ओळीत 'पीसीएम' निवडलेलं असेल तर बऱ्याच टीव्हींवर दोनच चॅनेलचा आवाज जातो. मागचे स्पीकर घेतलेत आणि ते मुके बसलेत, तर तिथे 'ऑटो' किंवा 'पास थ्रू' करा. तरीही हूं की चूं नसेल तर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, चहा टाका, चहा झाला की परत लावा. हसू नका, एचडीएमआयची यंत्रं एकमेकांशी आधी बोलून घेतात आणि कधीकधी ते बोलणंच फिसकटतं.

ईएआरसी ही एआरसीची सुधारलेली आवृत्ती, ती ब्लू-रेवरचा न दाबलेला आवाजही नेते. नुसत्या ओटीटीवर सिनेमे बघत असाल तर साधं एआरसी पुरतं.

टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल. चौकोनी भोक, वरचे दोन कोपरे छाटलेले, बारीक झडप, आत लालसर उजेड. ही वायर १९८३ मध्ये तोशिबाने काढली, म्हणून तिला टॉसलिंकही म्हणतात. आवाज उजेडातून जातो, त्यामुळे विजेची घरघर तिच्यातून येऊ शकत नाही. पण ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक ढोलकट आवाजाचा, यांच्या पुढे तिची मजल नाही आणि टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होईल याची खात्री नाही. आमच्या चौथ्या मजल्यावरचे काका दुकानदाराने टोपी घातली म्हणून चिडले होते, "नवी वायर आणि आवाज नाही!" टोपी होतीच, पण वायरीला. नव्या ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपणं असतात. ती इतकी चपखल बसतात की वायरीचाच भाग वाटतात. काकांनी त्यांच्यासकट जोर लावून खुपसली होती. टोपणं काढली, एक टोक टीव्हीत घातलं आणि दुसरं त्यांच्या तळहातावर धरलं, तर लाल ठिपका उमटला. ठिपका दिसला म्हणजे वायर जिवंत. डोळ्यापाशी मात्र धरू नका, आणि टीव्ही भिंतीला चिकटवायच्या नादात वायरीला काटकोनात मोडू नका.

सुट्या स्पीकरच्या वायरीत एवढंच बघा. दोन पदरांपैकी एकावर रेघ असते. ती दोन्ही स्पीकरना एकाच रंगाच्या टर्मिनलला लावा, समजा लालला. एकाला सुलट आणि एकाला उलट लावलंत तर आवाज येतो, पण ढोल-ताशातला ढोल गायब होतो. तारेचा एखादा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर मात्र अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो.

डिशची वायर तर पावसाचं खातं. दर जुलैत "सिग्नल नाही" येतं आणि दोष ढगांना मिळतो. मोठ्या सरीत सिग्नल जातो, पण सर ओसरली की परत येतो. दिवसभर येत नसेल तर बाहेरचा स्क्रूचा कनेक्टर उघडा. आधी बॉक्सचा प्लग काढा, कारण याच वायरीतून वर डिशला १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. मधली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावायचा. तार दोन-तीन मिलिमीटर पुढे डोकावली पाहिजे आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, खोलीत येत नाही.

सगळं चालू झालं की प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून बॉलपेनने लिहा, 'सेट टॉप – एचडी २', 'साउंडबार – एआरसी'. आणि परत एकदा फोटो काढा. दिवाळीआधी रंगवाला येतो, टीव्ही उतरवतो आणि सगळ्या वायरी एका पिशवीत कोंबून हातात देतो.