मृगाच्या आधी, नदीच्या आधी : सांगलीत इलेक्ट्रिक मोटरसायकल सांभाळणाऱ्याची तयारीची यादी

गावभागात राहून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची रोजची धाव जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या आसपास भरते, आणि वर्षातले आठ-नऊ महिने इलेक्ट्रिक मोटरसायकल या धावेला इतकी निमूटपणे पुरते की तिच्याकडे मुद्दाम पाहायची वेळच येत नाही. उरलेल्या महिन्यांसाठी मात्र मेच्या अखेरीस, मृग लागायच्या आत, दोन रविवार बाजूला काढून ठेवावेत. एक पावसासाठी आणि दुसरा नदीसाठी, म्हणजे कृष्णेच्या पुरासाठी. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पावसाचा विचार केलेला असतो. नदीचा विचार आपला आपणच करावा लागतो.

पहिल्या रविवारची सुरुवात गाडीपासून न करता भिंतीतल्या प्लग पॉइंटपासून करावी. चार्जर काही तास सलग वीज ओढतो, त्यामुळे मिक्सरला किंवा इस्त्रीला वर्षानुवर्षे चाललेला पॉइंट त्याला चालेलच असे नाही. गेल्या वर्षी एका रात्री चार्जरची पिन काढताना बोटाला चांगलाच चटका बसला. सकाळी मेन स्विच बंद करून वायरमनने सॉकेट उघडले, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता, आणि तेवढ्यानेच वायरचे प्लॅस्टिक बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन कडक झालेले होते. आणखी पंधरा दिवस तसेच गेले असते तर काय झाले असते, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तेव्हापासून सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याला जाड तांब्याची वायर, जादा भार आल्यास वीज तोडणारा स्वतःचा एमसीबी आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, इतके मी अत्यावश्यक मानतो. अर्थिंग नुसते आहे म्हणून भागत नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडलेला असतो, म्हणून त्यात पाणी घालून वायरमनकडून ते मोजून घ्यावे. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी चार्ज करू नये, आणि चार्जर ओसरीवर पागोळ्यांच्या शिंतोड्यात ठेवू नये. पॉइंट नव्याने बसवणारच असाल, तर तो जमिनीपासून कमरेच्या वर घ्यावा. याचे कारण दुसऱ्या रविवारच्या भागात येईल.

गाडीची तपासणी त्या मानाने लवकर आटोपते, कारण ऑइल, प्लग, कार्ब्युरेटर हे प्रकरणच नाही. टायरची नक्षी आणि हवा पाहावी. चेनची गाडी असेल तर चेनला ताण आणि वंगण द्यावे. बेल्टची असेल तर खडे अडकलेत का ते पाहावे. ब्रेककडे मात्र जरा थांबावे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर स्वतःच गाडीचा वेग कमी करत असल्यामुळे पॅड फारसे झिजत नाहीत, यावर मालक खूश असतो. पण कमी वापरलेला ब्रेक ओल्या हवेत अडकतो, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजतात आणि नेमका जोराने दाबायची वेळ येते तेव्हा तो कुरकुरतो. म्हणून पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्यावे आणि ब्रेक ऑइलला दोन वर्षे झाली असतील तर ते बदलावे. ओल्या रस्त्यावर मोटरची ही वेग रोखणारी ओढ कमी ठेवावी आणि गाडी इको मोडवर चालवावी, कारण मोटरची ताकद पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळते आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या पहिल्या पावसाच्या निसरड्या थरावर मागचे चाक सहज सरकते.

आपल्याकडचा चिखल हा वेगळा विषय आहे. शामरावनगरच्या बाजूची काळी माती एकदा मडगार्डच्या आत बसली की सिमेंटसारखी सुकते, आणि तिच्यात अडकलेले पाणी कपलरच्या, म्हणजे वायरींच्या जोडणीच्या, तोंडाशी दिवसेंदिवस राहते. ती काढण्यासाठी वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा मारून घेण्याचा मोह होतो. तो टाळून बादली, मग आणि जुना ब्रश वापरावा, कारण पावसाला दाद न देणारे रबरी सील जवळून मारलेल्या फवाऱ्यापुढे टिकतीलच असे नाही. चार्जिंगच्या सॉकेटचे झाकण घट्ट बसते का, त्याच्या पिनांवर हिरवट थर आला आहे का, हे दिवसाउजेडी पाहावे. माझ्या गाडीच्या पिनांवर असा थर आला होता आणि सर्व्हिसिंगहून परत आलेल्या गाडीच्या कागदावर सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. म्हणून गाडी ताब्यात घेताना झाकण आपल्या हाताने उघडून पाहण्याचा नियम मी केला आहे.

बॅटरीविषयी लोक उगीच फार घाबरतात. माझ्या गाडीला किलोमीटरमागे ३५ ते ४० वॉट-तास लागतात, म्हणजे दिवसाच्या वीस किलोमीटरला पाऊण युनिट आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून एका युनिटच्या आत. पंचवीस दिवसांचे हे पंचवीसच्या आतले युनिट घरगुती बिलात मिळतात, तेव्हा नेहमीचा वापर शंभर युनिटच्या काठावर असेल तर वरचे युनिट पुढच्या टप्प्याच्या दराने लागतात, एवढेच लक्षात ठेवावे. रोज रात्री पूर्ण चार्ज करायची गरज नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवून दोन-तीन दिवसांनी चार्ज केले तरी भागते. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असेल, तर अधूनमधून शंभर टक्क्यांपर्यंत न्यावी, नाहीतर मीटरवरचा आकडा हळूहळू खोटा बोलू लागतो. उन्हातून किंवा लांबून आल्यावर तासभर गाडी थंड होऊ द्यावी आणि मग पिन लावावी. जिन्याखाली चार्जिंग करू नये. आग लागलीच तर घरातल्या माणसांना बाहेर पडायची वाट तीच असते.

कागदपत्रांत बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागत नाही, पाटी हिरवी असते, आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्यामुळे पाच वर्षे काही पाहायचे नाही अशी समजूत होते. मलाही एका एजंटाने शोरूममध्ये ‘आता पाच वर्षं बिनघोर राहा’ असेच सांगितले होते. पॉलिसीचा कागद शांतपणे वाचला तेव्हा दिसले की पाच वर्षे मुदत होती ती आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची आणि नुकसानीची. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा होता आणि तो संपून दोन महिने झाले होते. पुराचे नुकसान याच दुसऱ्या भागात येते. त्यामुळे मेमध्ये पॉलिसी काढून ‘ओन डॅमेज’ या शब्दांसमोरची तारीख पाहावी, झीज वजा न करता भरपाई देणारे आणि बॅटरीसाठी असलेले जादा संरक्षण त्यात आहे का ते विचारावे, आणि नसेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यावे. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचाच असतो, हे हप्त्याची रक्कम पाहून कुरकुरताना आठवावे.

आता नदी. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत सांगितली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, आणि दोन्ही वेळा ‘आमच्या दारात कधीच येत नाही’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. शहरात पाऊस थांबलेला असतानाही पातळी चढते, कारण कोयनेचे पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून खाली येते आणि खाली हरिपुराजवळ वारणेचा फुगवटा असतो. म्हणून आकाशाकडे पाहण्यापेक्षा कोयना धरणातून सोडलेल्या विसर्गाचा आकडा पाहावा, आणि कोणत्या फुटाला काय करायचे हे आजच ठरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे.

माझ्या कागदावर तीन ओळी आहेत. ३० फुटांना गाडी ऐंशी टक्के चार्ज करायची, कारण पाणी शिरू लागलेल्या भागात महावितरणला वीज बंद करावी लागते आणि मग चार्जिंगचा प्रश्नच उरत नाही. ३५ फुटांना गाडी विश्रामबागेत मामांच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवायची, आणि सोबत चार्जर, आरसी, विम्याची प्रत व दुसरी किल्लीही न्यायची. मोबाईलच्या ॲपवर सुरू होणारी गाडी असेल तर खरी किल्ली विशेष जपावी, कारण पुरात नेटवर्क सर्वांत आधी दगा देते. ४० फुटांना गाडीसाठी काहीही करायचे नाही, कारण त्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि धान्याला हलवायचे असते. मामांना याची कल्पना मेमध्येच देऊन ठेवावी. ऐन वेळी त्या पार्किंगमध्ये सगळ्या भावकीच्या गाड्या आलेल्या असतात. सुटी होणारी बॅटरी असेल तर ती वरच्या मजल्यावर नेता येते, पण तिचे वजन वीस किलोच्या आसपास असते आणि वाड्याचा जिना अरुंद असतो, तेव्हा एकदा कोरड्या दिवशी ती चढवून पाहावी.

‘बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्याचे भय नाही’ असे अनेक जण आत्मविश्वासाने सांगतात. त्या आकड्यातल्या सातचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच आहे, आणि ती चाचणी स्वच्छ पाण्यात, नव्या सीलवर झालेली असते. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून पाच मिनिटे जाण्यासाठी हे पुष्कळ आहे, तरी चाकाच्या आसाच्या वर पाणी असेल तर मी गाडी घालत नाही. आठवडाभर गाळाच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला मात्र या आकड्याचा काहीच उपयोग नाही.

इतके करूनही गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. आत शिरलेल्या पाण्याने बॅटरीत होणारा शॉर्ट लगेचच दिसतो असे नाही, काही दिवसांनीही ती पेट घेऊ शकते. म्हणून गाडी ढकलत मोकळ्या जागी, घरापासून आणि इतर गाड्यांपासून दूर उभी करावी. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढावेत, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत कोणाला काही उघडू देऊ नये, कारण बुडालेली गाडी सुरू केल्यामुळे वाढलेले नुकसान नाकारले जाऊ शकते. गाडी कोरडी राहिली आणि घर बुडाले, तर उलट काळजी घ्यावी लागते: विश्रामबागेतून गाडी आणल्याबरोबर पिन लावू नये, आधी वायरमनला बोलावून सॉकेट, एमसीबी आणि अर्थिंग उघडून सुकवून घ्यावे, आणि तोवर चार्जिंग मामांकडेच चालू द्यावे.