गंजलेली थाई पुन्हा वापरात आणताना

थायलंडमध्ये दोन-चार वर्षं नोकरीनिमित्त राहून आलेली किंवा कधीकाळी वर्ग लावून थाई शिकलेली माणसं भाषा विसरत चालली असं वाटलं की जुनं पुस्तक काढतात आणि पहिल्या धड्यापासून सुरू करतात. नमस्कार-चमत्कार आणि 'तुमचं नाव काय' हे येतच असतं. चौथ्या दिवशी कंटाळा येतो, पुस्तक परत माळ्यावर जातं. गंज त्या धड्यांना चढलेलाच नसतो. शब्दसुद्धा बरेचसे शाबूत असतात, एक-दोनदा कानावर पडले की वर येतात. विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 सालीच मोजून दाखवलं होतं. थाईत खरी झीज होते ती सुरांची, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढ-उतारांची, आणि अक्षरांचे गट विसरल्यामुळे होते. म्हणून सुरुवात तिथून करायची.

आधी तपासणी

अर्धा तास काढा आणि तीन गोष्टी करा. थाई लिपीतली एखादी छोटी बातमी, पाच-सहा ओळींची, मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. जिथे अडखळाल त्या अक्षराखाली पेन्सिलीने खूण. मग साध्या गप्पांचा दोन मिनिटांचा तुकडा सबटायटल बंद करून एकदाच ऐका आणि काय कळलं ते मराठीत लिहा. शेवटी 'काल काय केलं' यावर दोन मिनिटं न थांबता थाईत बोला. जिथे इंग्रजी किंवा हिंदी घुसली तो शब्द टिपून ठेवा, पुढच्या शब्दयादीची सुरुवात तोच. रेकॉर्डिंगवर तारीख घालून ठेवा. वाचताना दहाहून जास्त अक्षरं अडली असतील तर पहिले दोन आठवडे लिपीलाच द्या. कमी अडली तर चार-पाच दिवस पुरतात.

लिपी नको, रोमन अक्षरांत वाचू, ही पळवाट महागात पडते. रोमनमध्ये सूर दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घ धड कळत नाही. देवनागरी त्याहून पुष्कळ बरी, पण समासात बारीक टीप म्हणूनच. सूर लिपीतच लिहिलेला असतो, तो वाचता आला की प्रत्येक शब्दाचा सूर वेगळा पाठ करावा लागत नाही.

गट पाठ करायचे नाहीत, वर्ग मांडायचे

थाई लिपी ख्मेर लिपीवरून आली आणि तिचं मूळ दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत आहे. त्यामुळे वर्णमालेचा क्रम आपलाच आहे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र ल व, मग श ष स ह. व्यंजनं 44, त्यातली दोन आता वापरात नाहीत. सुरासाठी त्यांचे तीन गट पडतात: मधला 9 अक्षरांचा, वरचा 11 चा, खालचा 24 चा. इतर देशांतले विद्यार्थी हे गट घोकत बसतात. आपल्याला एक कोष्टक पुरतं.

कागदावर पाच ओळी, पाच रकाने आखा आणि आपले पाच वर्ग थाई अक्षरांत लिहा. पहिला रकाना (क च ट त प) मधला गट. दुसरा (ख छ ठ थ फ) वरचा गट. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे खालचा गट. य र ल व खालचा. श ष स ह वरचा. उरलेली लक्षात ठेवावी लागतात, पण ती मोजकीच: ड आणि द च्या जागची दोन अक्षरं, ब, आणि स्वराचा आधार असलेलं 'ओ आङ' मधल्या गटात. ओठ-दात लावून म्हणायच्या फ ची दोन अक्षरं आहेत, एक वरच्या गटात, एक खालच्या. दुसरा स ('सो सो'), ळ आणि शेवटचा ह ('हो नोक हूक') खालच्या गटात. तिसऱ्या-चौथ्या रकान्यातली व्यंजनं आपण ग-घ, द-ध, ब-भ म्हणत असलो तरी थाईत त्यांचा उच्चार ख, थ, फ असाच होतो. इथे मराठी जीभ हमखास घसरते. कोष्टक आठवडाभर रोज एकदा न बघता लिहून काढा.

आता सूर. ते पाच: सपाट, खालचा, उतरता, उंच, चढता. अक्षरखंड दीर्घ स्वराने किंवा न, म, ङ, य, व ने संपला तर 'जिवंत'. क, त, प ने किंवा ऱ्हस्व स्वराने संपला तर 'मेलेला'.

- अक्षरावर सुराचं चिन्ह नाही, खंड जिवंत: मधला आणि खालचा गट सपाट, वरचा गट चढता.
- चिन्ह नाही, खंड मेलेला: मधला आणि वरचा गट खालचा सूर, खालच्या गटात ऱ्हस्व असेल तर उंच (रक, प्रेम), दीर्घ असेल तर उतरता (माक, खूप).
- 'माय एक' चिन्ह: मधला आणि वरचा गट खालचा सूर, खालचा गट उतरता.
- 'माय थो' चिन्ह: मधला आणि वरचा गट उतरता, खालचा गट उंच.
- 'माय त्री' उंच, 'माय चत्तवा' चढता. दोन्ही फक्त मधल्या गटावर येतात.

एकच खंड घेऊन बघा. 'मा' नुसता लिहिला तर म खालच्या गटातला, खंड जिवंत, म्हणून सपाट: येणे. त्यावर माय थो चढवला की उंच: घोडा. चिन्ह काढून पुढे मुका ह लावला की म ला वरच्या गटाची वागणूक मिळते आणि सूर चढता होतो: कुत्रा. असे वीस शब्द रोज वहीत सोडवा, उत्तर आधी कागदावर, मगच ध्वनी ऐकून पडताळा. दहा दिवसांत नियम आठवावे लागत नाहीत.

संस्कृत शब्दांचा साठा इथेच कामी येतो, फक्त शेवटचा उच्चार सांभाळायचा. खंडाच्या शेवटी र, ल, ण आले तर न होतो. स, श, च, ज, द आले तर त. म्हणून लिहिलेला आहार 'आहान' ऐकू येतो, आकाश 'आकात' (आणि अर्थ हवा, हवामान), नगर 'नखोन'. महिने तर राशींवरच आहेत: मेष म्हणून एप्रिल 'मेसायोन', सिंह म्हणून ऑगस्ट 'सिंहाखोम', तूळ म्हणून ऑक्टोबर 'तुलाखोम'. शेवटी 'खोम' असेल तर महिना 31 दिवसांचा, 'योन' असेल तर 30 चा. वर्ष बौद्ध शकात असतं, 543 वजा करा.

कान आणि जीभ

जवळ आणि दूर, दोन्ही 'क्लाय'. जवळ उतरता, दूर सपाट. टॅक्सीवाल्याशी बोलताना हा फरक चांगलाच नडतो. 'खाव' खालच्या सुरात बातमी, उतरत्या सुरात भात, चढत्या सुरात पांढरा. 'सुआय' चढता म्हणजे सुंदर. सपाट 'सुआय' म्हणजे अवलक्षणी, नशीब फुटकं. कौतुक करताना जपून. अशा दहा जोड्यांचे थाई माणसाच्या आवाजातले ध्वनी गोळा करा, क्रम उलटापालटा करून ऐका, ओळखा. दहात आठ बरोबर येईपर्यंत बोलण्याची घाई नको.

मग वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्या आणि बोलणाऱ्याच्या अर्धा शब्द मागे राहून त्याच्या सोबत बोला. एकाच तुकड्यावर दहा वेळा, शेवटच्या दोन खेपा रेकॉर्ड करून. हे करताना आपल्याकडच्या माणसाच्या ठरावीक चुका सापडतात. प्रश्न विचारताना आपण शेवट वर उचलतो आणि शेवटच्या शब्दाचा सूर बदलून टाकतो. थाईत प्रश्नाचं काम 'माय' सारखा शब्द करतो, आवाज नाही. शेवटचे क, त, प आपण फोडून म्हणतो. तिथे हवा अडवून थांबायचं. 'फन' ओठ मिटून म्हटलं तर हजार, दात ओठावर टेकवून म्हटलं तर दात, आणि हल्ली बहुतेकांच्या तोंडी मराठीतला फ ही दातांवर गेलेला असल्याने हजाराचे दात होतात. 'नाव' आणि 'विकत घेणे' या शब्दांतल्या स्वराला मराठीत जोड नाही: जीभ ऊ ची ठेवून ओठ ई सारखे ताणा. उलट 'चालणे' (दऽन) मधला स्वर आपल्याकडे आहेच, 'केलं', 'झालं' च्या शेवटी आपण जो अ लांबवतो तोच.

फोनवरचं थाई आवाजी टायपिंग सूर तपासायला बरं, पण एकेक सुटा शब्द बोला. अख्खं वाक्य दिलं की संदर्भावरून ते तुमची चूक सांभाळून घेतं.

ऐकताना आणखी एक गोंधळ होतो. बोलण्यात र चा ल होतो किंवा गळतो: 'आरोय' (चविष्ट) 'आलोय' होतो, पुरुषांचं आदरार्थी 'ख्रप' 'खप'. 'छन' (मी), 'खाव' (तो, ती) आणि प्रश्नार्थक 'माय' लिपीप्रमाणे चढते हवेत, पण बोलताना उंच ऐकू येतात. कान बिघडलेला नसतो, बोली तशीच आहे.

शब्द

पाच हजार शब्दकार्डांचा (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) तयार संच उतरवून घेऊ नका. दुसऱ्या आठवड्यात साठलेल्या उजळण्यांचा ढीग पाहूनच लोक सोडून देतात. अंकीसारख्या ॲपमध्ये स्वतःची यादी करा, तपासणीत अडलेल्या शब्दांपासून. रोज दहा-बारा नवे, पुढच्या बाजूला नुसता ध्वनी, मागे थाई लिपीतलं अख्खं वाक्य. नामाबरोबर त्याचा मोजशब्द (वस्तू मोजताना संख्येपुढे येणारा शब्द) घाला, कारण तोच सगळ्यात आधी विसरतो: माणसांना 'खोन', जनावरांना आणि कपड्यांना 'तुआ', पुस्तकांना 'लेम', गाड्यांना 'खन'. क्रम नाम, संख्या, मोजशब्द: 'मा साम तुआ', तीन कुत्रे.

वेळ सांगणं वेगळं घोटावं लागतं, दिवसाचे तुकडे पडतात म्हणून. पहाटे दोन 'ती सोङ', दुपारी दोन 'बाय सोङ मोङ', रात्री आठ 'सोङ थुम', कारण सातपासून नव्याने मोजायचं. दिवसभर घड्याळ पाहाल तेव्हा मनात म्हणा. वेगळा वेळ द्यायची गरज नाही.

रोज पाऊण तास पुरतो: पंधरा मिनिटं वाचन, वीस ऐकणं आणि सोबत बोलणं, दहा कार्डं. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यात दोनदा अर्धा तास ऑनलाइन शिक्षकाशी बोला. थाई माणूस भिडेखातर चुका काढत नाही, 'छान बोलता' म्हणून पुढे जातो. म्हणून आधीच ठरवून घ्या: व्याकरणाची चूक जाऊ द्यावी, सुराच्या चुकीला तिथल्या तिथे थांबवावं आणि इंग्रजीत उत्तर देऊ नये. बायकांनी त्याच तासात त्यांचा आदरार्थी 'ख' ही घोटून घ्यावा, विधानाच्या शेवटी उतरता, प्रश्नाच्या शेवटी उंच. हे दोन लिहिताना थाई लोकांचाही गोंधळ उडतो.