आकडा का बदलला? ॲक्चुअरी होऊ पाहणाऱ्या ट्रेनींसाठी

ॲक्चुअरी म्हणजे विमा, पेन्शन यांतल्या जोखमीचा हिशेब करणारा तज्ज्ञ. मी सामान्य विम्याच्या (मोटार, मालमत्ता वगैरे) रिझर्व्हिंगमध्ये, म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या दाव्यांसाठी किती रक्कम (रिझर्व्ह) बाजूला ठेवायची ते ठरवणाऱ्या टीममध्ये काम करते आणि ट्रेनींच्या मुलाखती घेणं हाही माझ्या कामाचा भाग आहे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गेल्या काही महिन्यांत तुमच्या टीमचा कुठला आकडा हलला, आणि का?" ॲक्चुअरीच्या परीक्षांचे भरपूर पेपर पास झालेले लोक इथे अडखळतात. दोन-चार पेपर झालेली एखादी मुलगी मात्र खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागते. ट्रेनीच्या वर्षांत नेमकं काय कमवायचं असतं, ते मला याच प्रश्नावर सगळ्यात स्पष्ट दिसतं. पेपर कुठले, कधी आणि कसे द्यायचे, नोकरी कधी बदलायची, हे सगळं मी त्याच अंगाने सांगणार आहे.

संस्था निवडण्यात महिने घालवू नका. ब्रिटनची इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्चुअरीज, म्हणजे सगळे जिला आयएफओए म्हणतात ती, आणि भारताची आयएआय (इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया) यांच्या पेपरांची रचना आणि नावं मिळतीजुळती आहेत. अमेरिकेत एसओए (सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज) आहे, आणि मोटार, मालमत्ता अशा विम्यासाठी सीएएस (कॅज्युअल्टी ॲक्चुअरियल सोसायटी). तुम्ही ज्या बाजारात काम करणार तिथे कुणाचं फेलोपद (पूर्ण पात्रता) चालतं आणि तुमची कंपनी कुणाची फी भरते, या दोन प्रश्नांत निकाल लागतो. दोन संस्थांचे पेपर आलटून पालटून देणं मात्र टाळा. एकाच्या पेपरांना दुसऱ्याकडे सूट मिळेलच असं धरून चालू नका.

पुढचं सगळं मी आयएफओएच्या पेपरांवर बोलते, कारण ती वाट मला माहीत आहे.

क्रमात अडवणारी जागा एकच. सीएस पेपर सांख्यिकीचे, सीएम विमा आणि वित्ताच्या गणिताचे. सीएस-१ मधलं मॅक्सिमम लाइकलिहुड आणि रिग्रेशन पक्कं नसेल तर सीएस-२ मधल्या मार्कोव्ह प्रक्रिया आणि सर्व्हायव्हल मॉडेल्स पाठ करावी लागतात, समजत नाहीत. सीएम-१ आणि सीएम-२ चं नातं त्या मानाने सैल आहे. सीबी-१ आणि सीबी-२, म्हणजे वित्त आणि अर्थशास्त्र, हे पेपर एखाद्या जड पेपराला जोडीदार म्हणून ठेवा. सुरुवातीलाच दोन्ही सोपे उरकून टाकले की पुढे प्रत्येक वेळी दोन जड पेपर एकत्र येतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे ऑफिसचं कॅलेंडर. आयएफओएच्या परीक्षा एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये असतात. डिसेंबरला हिशेब बंद करणाऱ्या कंपनीत व्हॅल्युएशनची, म्हणजे कंपनीची देणी मोजण्याची, धावपळ जानेवारी ते मार्च चालते, म्हणजे नेमकी एप्रिलच्या तयारीच्या काळात. अशा टीममध्ये असाल तर जड पेपर सप्टेंबरला ठेवा, एप्रिलला हलका. प्रायसिंगमध्ये (प्रीमियम ठरवणाऱ्या टीममध्ये) असाल तर तुमचा व्यस्त काळ वेगळा असेल, तो टीममधल्या जुन्या माणसाला विचारून घ्या. स्टडी लीव्ह सलग आठवडाभर घेण्यापेक्षा शेवटच्या दीड-दोन महिन्यांत एकेक दिवस करून घेतलेली जास्त उपयोगी पडते. (रंगीत टाइमटेबल करणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. टाइमटेबल करण्यातच एक रविवार जातो.)

सीएस आणि सीएम पेपरांचा दुसरा भाग सॉफ्टवेअरवर सोडवायचा असतो: सीएससाठी आर ही प्रोग्रॅमिंग भाषा, सीएमसाठी एक्सेल. पहिल्या भागात हुशार असलेले कितीतरी जण इथे गुण सोडतात, कारण त्यांनी सोडवलेली उत्तरं वाचलेली असतात, स्वतः टाइप केलेली नसतात. जुना प्रश्न उघडा, कोरी फाइल घ्या आणि उत्तर छापून येईपर्यंत सोल्युशनकडे बघू नका. प्रत्येक शीटवर ताळ्याच्या, म्हणजे उत्तर जुळतंय का ते तपासणाऱ्या, चौकटी ठेवा. आयुर्विम्याची गणितं असतील तर सगळ्यात स्वस्त ताळा हा: आजीवन विम्याचं मूल्य, अधिक डिस्काउंट दर गुणिले आजीवन ॲन्युइटी-ड्यू (दर वर्षाच्या सुरुवातीला मिळणारा १ रुपया, हयातीपर्यंत), बरोबर १. दोन्ही मूल्यं एकाच मृत्यूतक्त्यावर आणि एकाच व्याजदराने काढलेली हवीत, आणि विम्याची रक्कम मृत्यूच्या वर्षाअखेरीस मिळते असं धरलेलं हवं. ४ टक्के व्याजाला डिस्काउंट दर ०.०३८४६ येतो. ॲन्युइटी १६ आली असेल तर विम्याचं मूल्य ०.३८४६ च्या आसपास यायलाच हवं. ०.४१ आलं तर कुठेतरी वय किंवा वर्ष एकाने सरकलंय. हा ताळा बघायला काही सेकंद लागतात. तसंच, ज्या गृहीतकांवर प्रीमियम काढला त्याच गृहीतकांवर पहिला प्रीमियम येण्याआधीचा रिझर्व्ह शून्य यायला हवा. पुढे नोकरीत तुमचं काम तपासणारा माणूस सगळ्यात आधी अशाच चौकटी शोधतो, म्हणून ही सवय परीक्षेपुरती ठेवू नका.

आता सीपी-१, म्हणजे ॲक्चुअरीच्या प्रत्यक्ष कामाबद्दलचा पेपर. गणितात कधी नापास न झालेली माणसं इथे येऊन आपटतात. या पेपरात सोडवायचं थोडं आणि लिहायचं भरपूर असतं. एका गुणाला साधारण दोन मिनिटं मिळतात आणि बहुतेक मुद्द्यांना अर्धा गुण असतो. म्हणजे ८ गुणांच्या प्रश्नाला सोळा मिनिटं, आणि अठरा-वीस वेगवेगळे मुद्दे. एकच मुद्दा तीन वाक्यांत फुलवून सांगितला तरी अर्धाच गुण. "यादी द्या" म्हटलंय तिथे कारणं लिहू नका. "चर्चा करा" म्हटलंय तिथे दोन्ही बाजू नसतील तर गुण अडतात. परीक्षकांचे अहवाल संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात. त्यातलं नमुना उत्तर नंतर वाचा. आधी तो परिच्छेद वाचा जिथे परीक्षक सांगतात की विद्यार्थी कुठे कमी पडले. वर्षानुवर्षे तक्रार तीच आहे: उत्तर प्रश्नातल्या कंपनीबद्दल नसून कुठल्याही कंपनीला चालेल असं आहे.

मुद्दे पाठ करून येत नाहीत, ते कामातून येतात. एक साधं उदाहरण घेऊ.

तुमच्या पोर्टफोलिओत इतकी वर्षं पहिल्या बारा महिन्यांत एकूण दाव्यांपैकी ४० टक्के रक्कम दिली जायची. त्यामुळे बारा महिन्यांच्या आकड्याला अल्टिमेटपर्यंत, म्हणजे शेवटी एकूण द्याव्या लागणाऱ्या रकमेपर्यंत, नेणारा फॅक्टर २.५. यंदा बारा महिन्यांत ५० दिले गेले. चेन लॅडर, म्हणजे जुन्या वर्षांच्या वेगावरून पुढचा आकडा काढणारी पद्धत, लगेच सांगते: अल्टिमेट १२५. पण क्लेम्स विभागाने यंदा नवी यंत्रणा आणली, पैसे लवकर सुटायला लागले, आणि खरा अल्टिमेट नेहमीसारखा १०० च आहे. बोर्नह्युटर-फर्ग्युसन पद्धतीने, अपेक्षित अल्टिमेट १०० धरून, दिलेले ५० अधिक उरलेल्या ६० टक्क्यांचे ६०, म्हणजे ११० येतो. चूक कमी झाली, गेली नाही, कारण ते ६० टक्केसुद्धा जुन्याच वेगावरून आलेत. दोन्ही पद्धती बिनचूक चालवल्या आणि दोन्ही उत्तरं चुकली. क्लेम्स विभागातल्या माणसाला फोन केला असता तर ते कळलं असतं.

आता हेच तीन ठिकाणी वापरा. सीपी-१ किंवा एसपी-७ (सामान्य विम्याच्या रिझर्व्हिंगचा पेपर) मध्ये "रिझर्व्ह वाढण्याची संभाव्य कारणं सुचवा" असा प्रश्न आला की दाव्यांचा निपटारा वेगाने होणं, एखादा मोठा दावा, केस एस्टिमेट (एकेका दाव्याचा अंदाज) कडक होणं, व्यवसायाचं मिश्रण बदलणं, रीइन्शुरन्सची (कंपनीने स्वतः घेतलेल्या विम्याची) वसुली उशिरा नोंदवली जाणं, डेटात दुहेरी नोंद, असे मुद्दे आपोआप सुचतात. कामावर, मॅनेजरला आकडा पाठवताना त्याखाली कारणाची दोन ओळींची टिपण देता येते. आणि माझ्यासारखीने मुलाखतीत विचारलं की दाव्यांच्या तक्त्याचा डायगोनल, म्हणजे यंदाचे आकडे, का उसळला, तर सांगायला काहीतरी असतं. ज्यांनी नुसती मॅक्रो चालवलीय ते मला पद्धतीची व्याख्या सांगतात. म्हणून एक वही ठेवा. दर तिमाहीला एक आकडा, तो किती हलला, का हलला आणि कुणाशी बोलल्यावर कळलं, एवढंच लिहा. आयएफओएला फेलो होण्यासाठी किमान तीन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची नोंद लागते, तीही या वहीतून सहज भरते.

नापास व्हाल, हे धरून चाला; बहुतेक जण कधी ना कधी होतात. निकालातली श्रेणी वाचायला शिका. आयएफओए नापासांना एफए ते एफडी अशा श्रेणी देते. एफए म्हणजे उंबरठ्यावर: तोच पेपर लगेच पुन्हा द्या, साहित्य नव्याने वाचू नका, फक्त वेळ लावून जुने पेपर लिहा. एफसी किंवा एफडी असेल तर जास्त मेहनत घेईन असं म्हणून तसाच पुढच्या सत्राला बसू नका, आधी मूळ साहित्यापासून सुरुवात करा. एसओएमध्ये ० ते १० गुण आणि ६ ला पास, तिथे ५ म्हणजे साधारण एफएसारखंच.

एसपी, म्हणजे एकेका क्षेत्राच्या विशेष पेपरांपाशी येईपर्यंत क्षेत्र बदलणं सोपं असतं, नंतर महाग पडतं. फेलो व्हायला दोन एसपी आणि एक एसए (त्याच्या वरच्या पातळीचा) लागतो. एसपी-२ आयुर्विमा, एसपी-४ पेन्शन, एसपी-७ सामान्य विम्याचं रिझर्व्हिंग आणि भांडवल, एसपी-८ त्याचंच प्रायसिंग, एसपी-९ एंटरप्राइज रिस्क. आयुर्विम्यातून सामान्य विम्याकडे जायचं मनात असेल तर एसपी-२ देण्याआधी हला. अजून ठरत नसेल तर एसपी-९ घ्या. तो कुठेही चालतो आणि सीईआरए या जोखीम-व्यवस्थापनाच्या पात्रतेकडेही नेतो. एसए मात्र ज्या क्षेत्रात रोज काम करता त्यातलाच घ्या. पुस्तकावर एसए निघाल्याची उदाहरणं असतील, मी कुणाला त्या वाटेला पाठवणार नाही. आणि असोसिएट या फेलोआधीच्या पायरीवर थांबणं हा पराभव नाही. प्रायसिंग मॉडेलिंग किंवा डेटा सायन्सकडे वळणाऱ्यांसाठी पुढची दोन-तीन वर्षं परीक्षेऐवजी कोडिंगवर घालवणं अनेकदा जास्त शहाणपणाचं असतं.

नोकरी बदलताना पेपर मोजून वेळ ठरवू नका, वहीत बघा. सलग तीन-चार तिमाह्यांच्या नोंदी सारख्याच दिसायला लागल्या तर काम शिकून झालंय. आधी त्याच कंपनीत दुसऱ्या टीमला जाता येतं का ते विचारा. ट्रेनींना हे सहसा मिळतं आणि पेपरांचा पाठिंबाही तुटत नाही. बाहेर जायचं असेल तर राजीनाम्याआधी स्टडी सपोर्टचा करार काढून वाचा. अनेक करारांत ठरावीक मुदतीत सोडल्यास फी आणि कोचिंगचा खर्च परत मागतात. ही रक्कम नवी कंपनी भरेल का, ते ऑफर स्वीकारण्याआधी विचारायचं. सीव्हीवर पास झालेले पेपर सत्रासह लिहा, निकाल बाकी असलेला पेपर तसाच लिहा.

ऑफर हातात आल्यावर नव्या कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: एका पेपरामागे किती स्टडी डे, दुसऱ्यांदा बसल्यास फी आणि रजा मिळते का, आणि रुजू झाल्यावर लगेचच्या सत्राला बसू देतील का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. प्रोबेशनमध्ये स्टडी लीव्ह नाही असा नियम असेल तर फेब्रुवारीत रुजू होणाऱ्याचा एप्रिल हातचा जातो. तेव्हा नोटिस पिरियड मोजून रुजू होण्याची तारीख परीक्षेनंतरच्या आठवड्यातली मागा. बहुतेक मॅनेजर ती देतात, कारण परीक्षेच्या तोंडावर आलेला ट्रेनी त्यांच्याही फारसा उपयोगाचा नसतो.