कोकणातल्या रंगमंचावर ‘संशयकल्लोळ’ : जुने नाटक आजच्या प्रेक्षकांसमोर कसे उभे करावे

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ 1916 मध्ये संगीत नाटकाच्या रूपात रंगभूमीवर आले. त्याआधी तेच कथानक त्यांनी ‘फाल्गुनराव’ या गद्य नाटकात मांडले होते. या कथानकाचा उगम मात्र मराठी नाही. नाटककार आर्थर मर्फी यांचे एक विनोदी नाटक 1761 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्जियन काळात (जॉर्ज नावाच्या राजांच्या कारकिर्दीत), प्रथम सादर झाले होते, आणि त्याच्याही मागे मोलिएरचे 1660 मधले एक फ्रेंच प्रहसन होते. देवलांनी त्या कथेला असे मराठी घर दिले की नक्षत्रांची आणि महिन्यांची नावे धारण केलेली तिची माणसे आपल्याच वाडीतली वाटतात. हे नाटक करू पाहणाऱ्या कोकणातल्या हौशी मंडळांसाठी पुढील सूचना अनुभवातून लिहिल्या आहेत.

जुने नाटक आजच्या माणसांना भिडावे म्हणून नाटकातला संशयी नवरा फाल्गुनराव याच्या हाती मोबाइल देण्याची काहीच गरज नसते. नट आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर कमी करावे लागते. या प्रकारची नाटके ज्या नाट्यगृहांसाठी लिहिली जात, ती कशी होती हे पाहिले की याचे कारण कळते. यॉर्कशायरमधल्या रिचमंड गावी सॅम्युएल बटलर या नट-व्यवस्थापकाने 1788 मध्ये बांधलेले जॉर्जियन नाट्यगृह आजही वापरात आहे. तिथे जेमतेम दोनशेच्या आसपास माणसे बसतात, तिन्ही बाजूंना चौकटीसारखे कक्ष आहेत आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाची भुवई दिसते. त्या काळी मेणबत्त्या प्रेक्षागृहातही तेवत असत, त्यामुळे नटाला समोरचे चेहरे दिसत आणि स्वगत तो खरोखरच कोणाला तरी उद्देशून म्हणत असे. दशावताराचा खेळ पाहिलेल्या कोकणी माणसाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही, कारण देवळासमोर एक बाकडे मांडून, भोवती बसलेल्या लोकांकडे पाहत संवाद रंगवण्याची रीत त्याच्या परिचयाचीच आहे.

म्हणून जागा निवडताना पहिला विचार आसनसंख्येचा नव्हे, अंतराचा करावा. मोठ्या नाट्यगृहात प्रयोग असेल आणि प्रेक्षक कमी येण्याची शक्यता असेल, तर मागच्या रांगा दोरी लावून बंद कराव्यात आणि सर्वांना पुढे बसवावे. गावच्या मांडवात किंवा शाळेच्या सभागृहात प्रयोग करताना रंगमंच गुडघ्याहून फारसा उंच नसावा आणि दोन्ही बाजूंना थोड्या खुर्च्या तिरप्या मांडाव्यात. प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवू नयेत. हे सांगितले की प्रकाशयोजनाकार नाराज होतात, परंतु फाल्गुनरावाने आपला संशय प्रेक्षकांतल्या एखाद्या गृहस्थाला विश्वासात घेऊन सांगितला आणि तो गृहस्थ ओशाळून हसला, की पुढची दोन पाने आपोआप चालतात.

संहिता कापणे हे खरे कठीण काम आहे. पूर्वी नाटके रात्रभर चालत. आज मध्यंतरासह अडीच तासांच्या आत पडदा पडला पाहिजे. बहुतेक मंडळे लांबलचक संवाद कापतात आणि विनोदी प्रवेश तसेच ठेवतात. ही चूक आहे, कारण या नाटकातला विनोद शब्दांच्या कोट्यांपेक्षा माहितीच्या क्रमावर उभा आहे. ज्या तसबिरीवरून, म्हणजे छोट्या चित्रावरून, सगळे संशय पेटतात ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, ती कोणी पाहिली आणि कोणी केवळ पाहिल्याचे ऐकले, हा हिशेब प्रेक्षकाला पक्का कळला तरच पुढचा गोंधळ हास्यास्पद वाटतो. यासाठी आधी एका मोठ्या कागदावर प्रवेशांच्या क्रमाने प्रत्येक पात्राला त्या क्षणी काय ठाऊक आहे ते लिहून काढावे. ज्या संवादाने त्या तक्त्यात कोणतीच भर पडत नाही, तो कापण्यास योग्य. ज्याने पडते, तो कितीही शिळा वाटला तरी हात लावू नये. देवलांची भाषा मुळातच बोलण्यातली असल्यामुळे शब्द बदलण्याची गरज क्वचितच पडते. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या याला मालवणी बोलायला लावण्याचा मोह आम्हालाही झाला होता. टाळ्या मिळाल्या, पण त्या मालवणीला मिळाल्या आणि भादव्याने पेरलेला संशय कोणाच्या लक्षातच राहिला नाही.

नाटकाची नायिका रेवती ही नायकिणीची मुलगी आहे, हा भाग हाताळताना संकोच करू नये आणि त्याची खिल्लीही उडवू नये. तिच्याविषयी इतर पात्रे जे गृहीत धरतात, ते आजच्या प्रेक्षकांना खटकणारच. ते तसेच ऐकू द्यावे, कारण तिच्या उत्तरांना धार तिथूनच येते. फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीनेही केवळ कजाग बायको उभी करू नये. नवऱ्याला त्याचा संशय वाटतो तितकाच तिचा संशयही तिला खरा वाटला पाहिजे, नाहीतर नाटकाचा एक पाय लंगडतो.

पदांच्या बाबतीत नियम सोपा आहे : पदे कमी करावीत, पण अर्धी करू नयेत. निवडलेले प्रत्येक पद पूर्ण व्हावे, मात्र आलापीला मर्यादा घालून घ्यावी आणि ती तालमीतच ठरवावी, कारण प्रयोगात वन्समोर आला की गायक नट ती विसरतो. कोकणातल्या दमट हवेचा त्रास साथीच्या वाद्यांना सर्वाधिक होतो. तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो आणि पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. यासाठी वाद्ये प्रयोगाच्या दिवशी सकाळीच आणून सभागृहात ठेवावीत, तबल्याजवळ एखादा तापणारा पिवळा दिवा तासभर लावून ठेवावा आणि मध्यंतरात पुन्हा स्वर मिळवण्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत. कॉलर माइक घामाने बंद पडतात, हे आम्ही पहिल्याच प्रयोगात, रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ ऐन पदात असताना शिकलो. लहान जागेत माइक न लावता बोलण्याची तालीम करावी.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी लवकर उरकावे. कापलेलीच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवून प्रमाणपत्र घ्यावे. देवलांचे निधन 1916 मध्ये झाले आणि भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे मूळ संहितेसाठी मानधन देण्याचा प्रश्न येत नाही. मात्र दुसऱ्या कोणी तयार केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेली संहिता, वापरायची असेल, तर त्या व्यक्तीची संमती हवी. उघड्यावर प्रयोग असेल, तर रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो हे लक्षात घेऊन 7 वाजताच नांदी सुरू करावी. प्रयोग पावसाळा संपल्यानंतर, शक्यतो नोव्हेंबरनंतर ठेवावा. मे महिन्यात चाकरमानी गावी असल्यामुळे गर्दी हमखास होते, परंतु रंगभूषा टिकत नाही आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. त्या वेळी दोन गॅसबत्त्या पेटत्या स्थितीत विंगेत ठेवाव्यात.

शेवटची सूचना तसबिरीची. ती गळ्यातल्या पदकाएवढी केली, तर चौथ्या रांगेपलीकडे कोणालाच दिसत नाही, आणि भिंतीवरच्या फोटोएवढी केली, तर ती रेवतीच्या हातून नकळत पडली यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तळहातात मावेल अशी, सोनेरी चौकटीची, काच नसलेली तसबीर करावी, कारण काचेवर दिवा चमकला की आतले चित्र दिसत नाही. चित्र अश्विनशेठची भूमिका करणाऱ्या नटाचेच असावे. तशीच दुसरी तसबीर प्रॉम्प्टरच्या खिशात ठेवावी, कारण पहिली हमखास कोणाच्या तरी अंगरख्यात राहून जाते.