जमातीच्या दाखल्याचं काम दहावीच्या सुट्टीतच सुरू कर

मी कर्जत तालुक्यातल्या कातकरी वाडीवरची. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, शेवटचं वर्ष चालू आहे. वाडीवरच्या पोरी फोन करून विचारतात, "ताई, नर्सिंगला काय लागतं?" बारावी लागते, इंग्रजी विषय लागतो, किमान ४० टक्के लागतात. एवढं कुणीही सांगेल. बाकीचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते लिहितेय.

दिवाळी झाली की आमची वाडी ओस पडते. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेला बयाणा, म्हणजे मालकाची आगाऊ उचल, फेडायला घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. पाचवीत असताना मीही गेले, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. आई आणि बा मिळून दिवसाला हजारेक विटा पाडायचे. मला एकच खोड, हे कशाला आणि ते किती, असं विचारत फिरायची. मुकादम वैतागायचा, "हिला शाळेत टाक रे आधी!"

भट्टीवरची आमची झोपडी कच्च्या विटांचीच. आतल्या भिंतीवर मी कोळशाने रोज रेघा मारायला लागले, हजार विटांना एक रेघ. आठवड्याला खर्चासाठी मिळणारे पैसे, खर्ची, दुसऱ्या भिंतीवर. हंगाम संपताना हिशेब झाला, तेव्हा मुकादमाची वही आणि माझी भिंत यांच्यात सात हजार विटांचा फरक निघाला. बाने त्याला हाताला धरून झोपडीत आणलं. तो आधी हसला. मग फुटलेल्या किती, अवकाळीत भिजलेल्या किती, असं करत करत चार हजार कबूल केल्या. तीन हजार बुडाल्याच. पण त्या रात्री बा आईला म्हणाला, पुढच्या साली पोरगी इथे नको.

म्हणून पहिली गोष्ट: दिवाळीची सुट्टी सांभाळ. आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आलेली पोरगी एकदा टेम्पोत बसली की थेट जूनमध्ये उगवते. शासकीय आश्रमशाळेत राहणं, जेवण, पुस्तकं फुकट असतात, त्यामुळे घरच्यांवर तुझा भार नाही. खरी अडचण धाकट्या भावंडाची असते. आम्ही भावाला आजीकडे ठेवलं. तुझ्या घरात त्याची सोय काय, हे दिवाळीच्या आधी बोलून घे, नंतर कुणाला ऐकायला वेळ नसतो.

आता कागद. जमातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण राखीव जागेवर नर्सिंगला जायचं तर पडताळणी समितीची व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, लागते. तिथे विचारतात, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आहे का? आमच्या बाने शाळेचं तोंड पाहिलं नाही, आज्याचं तर विचारूच नको. जमीन नाही, सातबारा नाही. मग पुरावा आणायचा कुठून?

एका शिक्षकांनी सांगितलं, कोतवाल बुक बघ. जुन्या काळी कोतवाल गावातले जन्म-मृत्यू लिहायचा, गाव नमुना १४. त्याची जुनी पुस्तकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडतात, अर्ज करून नक्कल मागायची. पण ती गावाप्रमाणे लावलेली असतात आणि आपल्या वाड्या उठून जागा बदलत आल्या. म्हणून आधी म्हाताऱ्या माणसांपाशी बस. मी आजीला विचारलं, तेव्हा वाडी कुठल्या गावच्या हद्दीत होती? ती नदीपलीकडच्या गावाचं नाव बोलली. त्या गावाच्या पुस्तकात मिळालं: पणज्याचं नाव, "मुलगी झाली", साल १९४३, जात काथोडी. वर जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ सालचं, त्यामुळे कुलाबा दिसला तर दचकू नकोस.

एवढं करूनही खिडकीवरच्या साहेबांनी दोनदा परत पाठवलं. "तुझ्या शाळेच्या दाखल्यावर कातकरी आहे, नोंदीत काथोडी. जात वेगळी." तिसऱ्यांदा मी अनुसूचित जमातींच्या यादीची प्रिंट घेऊन गेले. त्यात काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी एकाच ओळीत आहेत. बोट ठेवून दाखवलं. साहेब काही बोलले नाहीत, शिक्का मारला. दाखला आणि व्हॅलिडिटी मिळून माझं दीड वर्ष गेलं. बारावीच्या निकालानंतर धावले असते तर प्रवेश हुकलाच असता.

पैशाचं थोडक्यात: शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरायचा, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. खातं आधारला जोडलेलं हवं आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम् योजनेचा अर्ज कर, त्यात बाहेर राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० ठरलेले होते, चालू आकडा विचारून घे. पैसे हप्त्याने येतात, तेही सावकाश. पहिले दोन-तीन महिने कसे काढायचे ते आधी ठरव.

अभ्यासाची भीती वाटली ती फक्त इंग्रजीची. पहिले सहा महिने पुस्तकातले शब्द वहीच्या मागे मराठीत लिहून काढले. शरीररचनेच्या तासाला मात्र मी पुढे. लहानपणी खायला आणलेले उंदीर सोलून साफ करायचं काम माझ्याकडेच असायचं, काळीज कुठे नि आतडी कुठे हे हाताला ठाऊक होतं. शाळेत याच गोष्टीवरून पोरी चिडवायच्या. कॉलेजात मी ती आपणहून सांगितली, मॅडमनी पुढचा प्रश्न मलाच विचारला.

आता माझ्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स चुलत्याच्या दोन पोरींच्या फायलीत आहे. बापाच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी जोडली की काम बरंच हलकं होतं, म्हणून वाडीवर आधी कुणाला मिळाली आहे का ते विचार. मूळ कागद मात्र मी कुणाच्या हातात देत नाही. प्लास्टिकच्या फायलीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेत, कारण आमच्या घराचं छप्पर पावसाळ्यात अजून गळतं.